सुईने बोटं टोचून अर्धांगवायू उतरत नाही

"घरात एक सुई असली तरी अर्धांगवायूच्या पेशंटचा जीव वाचवता येतो" हा मेसेज कित्येक वर्षं फॅमिली ग्रुपवर फिरतो आहे. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: पेशंटला जागचं हलवू नका, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतील. दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि पाळ्यांनाही टोचा. पेशंट सावरला की मगच दवाखान्यात न्या. मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. हे वाचून थांबलेल्या घरातला माणूस शेवटी आमच्याकडेच येतो, पण उशिरा. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"हलवलं तर रक्तवाहिन्या फुटतील." दहातल्या साधारण आठ पेशंटांमध्ये काही फुटलेलंच नसतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव होतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं चढलेलं बीपी असतं, अ‍ॅम्ब्युलन्सचे धक्के नव्हेत. या दोन्हींतलं काय झालंय हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, सीटी स्कॅन करावाच लागतो. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिनची गोळीही देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती महागात पडेल.

"बोटांतून रक्त काढलं की मेंदूवरचा ताण उतरतो." मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. बोटातून चार थेंब गेल्याने त्यात काय फरक पडणार? मेंदूला रक्त मानेतल्या धमन्यांतून मिळतं. बोट टोचून तिथली गुठळी सुटत नाही आणि रक्तस्रावही थांबत नाही. बोट आम्हीही टोचतो, पण एकदाच आणि साखर बघायला. कारण साखर फार उतरली तरी बोलणं अडखळतं, कधी एक बाजू लुळीही पडते, आणि त्यावरचा उपचार अगदी वेगळा आहे.

"सावरल्यावरच न्या." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते, आणि ती पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. त्यामुळे दारातच आम्ही विचारतो, "शेवटचं नीट कधी बोलले?" मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. आधी दहा बोटं, मग दोन्ही कान, मग फरक पडतोय का याची वाट. त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. खेड्यातून सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठायलाच दोन-तीन तास लागत असतील, तर घरात गेलेला हा वेळ परत मिळत नाही. आणि साडेचार तास उलटले म्हणूनही घरी बसू नका. मोठ्या हॉस्पिटलांत निवडक पेशंटांची गुठळी नळी घालून २४ तासांपर्यंत काढता येते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट या वाट बघण्यात हमखास होते: कुणीतरी पेशंटच्या तोंडात चमच्याने पाणी नाहीतर साखरपाणी घालतं. मायेनेच घालतं, पण घात होतो. अर्ध्या चेहऱ्यासारखाच घसाही लुळा पडलेला असू शकतो. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि कधीकधी ठसकाही लागत नाही. वॉर्डात आम्ही पेशंट पुरता जागा असेल तरच त्याला सरळ बसवून आधी एक छोटा चमचा पाणी देतो. गिळताना गळ्याची घाटी वर सरकते का, खोकला येतो का, हे बघतो. मग "आ" म्हणायला लावतो. आवाज घरघरला, ओला आला, तर तोंडाने काहीही द्यायचं नाही, औषधाची गोळीसुद्धा नाही. अर्धांगवायूतून वाचलेला माणूस पुढे न्यूमोनियाने दगावतो, त्याची सुरुवात कितीदा अशा घोटभर पाण्यातच असते.

तेव्हा हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढलं गेलं, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली आला, बोलणं बोबडं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ला फोन करा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. चालू औषधांची पाकिटं बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.

"पण आमच्या काकांचं तोंड सुई टोचल्यावर सरळ झालं," असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. गुठळी कधीकधी आपोआप सुटते आणि काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. सुई टोचली नसती तरी ते झालंच असतं. मात्र अशा पेशंटला पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याची भीती सर्वात जास्त असते. त्यामुळे तोंड सरळ झालेल्या काकांनाही त्याच दिवशी, लगेच, हॉस्पिटलात न्यायचं आहे.