आधी वापरणार नाही, हे सांगितलेलंच बरं

ऑपरेशन सिंदूरनंतर नागपूरला घरी फोन केला की विषय हमखास तिथेच येतो. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले काका विचारतात, "काऊन बे, तू तर याच्यावरच पीएचडी करून राहिला. अणुबॉम्ब आम्ही आधी नाही टाकणार, हे शत्रूले कशाले सांगून ठेवायचं?" प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पोखरणला खुद्द संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनीच, पुढचं परिस्थितीवर अवलंबून राहील, असं सांगितलं होतं.

तरीही ४ जानेवारी २००३ ला जाहीर केलेलं हे धोरण सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिला वार करायचा तर समोरच्याची सगळी अण्वस्त्रं एकाच झटक्यात नष्ट व्हायला हवीत. चार-दोन जरी उरली तरी आपली शहरं जातात. नागपूर देशाच्या मधोमध आहे म्हणून सुटेल, या भ्रमात कोणी राहू नये. पाकिस्तानच्या शाहीन-३ क्षेपणास्त्राचा पल्ला २७५० किलोमीटर आहे. शिवाय आपण पहिल्या वाराच्या तयारीत दिसलो, तर समोरचाही घोड्यावर बोट ठेवूनच बसणार. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं, प्रकरण तिथेच मिटलं. पाकिस्तानचा आपल्या शब्दावर पूर्ण भरवसा आहे असं मुळीच नाही. पण भारत कुठल्याही क्षणी अणुहल्ला करेल अशी धास्ती त्या संध्याकाळी तिथे असती तर?

मी राहतो त्या ग्लासगोपासून फासलेनचा पाणबुडी तळ तासाभरावर आहे. ब्रिटनची एक तरी अण्वस्त्रधारी पाणबुडी १९६९ पासून सतत समुद्रात असते. आधी वापरणार नाही, असं वचन हा देश देत नाही. लंडनच बेचिराख झालं तर काय करायचं, ते नवा पंतप्रधान पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी स्वतःच्या हाताने पत्रात लिहून ठेवतो. हे मला आपल्याकडे नको आहे.

एक गोष्ट मात्र हवी आहे. तळाच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, १९८२ पासून शांतता छावणी आहे. रंगीबेरंगी रंगवलेल्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसं राहतात, तळाला उघड विरोध करतात. १८ जुलै २०१६ ला नव्या पाणबुड्यांवर संसदेत मतदान झालं, ४७२ विरुद्ध ११७. त्या चर्चेत एका खासदाराने पंतप्रधान थेरेसा मे यांना विचारलं, लाखभर निरपराध माणसं मरतील असा हल्ला करायला तुम्ही स्वतः तयार आहात का? त्या म्हणाल्या, हो. अंगावर काटा येतो. पण तोंडावर विचारता आलं, आणि उत्तर नोंदलं गेलं.

आपल्याकडे २००३ चं एक छोटं निवेदन सोडलं, तर संपूर्ण धोरण लोकांसमोर आलेलंच नाही. ते बदलायचं असेल तर स्टुडिओतल्या आरडाओरड्यावर किंवा कुणाच्या ट्विटवर बदलू नये. संसदेत दिवसभर चर्चा व्हावी, मतदान व्हावं, आणि नागपूरच्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिलं हे नागपूरकरांना कळावं.