बगळा

आज शाळेच्या ग्रुपवर आमच्या वर्गाचा जुना फोटो आला. मी जुन्या प्रकरणाबद्दल दोन शब्द लिहिले, तर एकाचं उत्तर : "अरे, चित्रच तर होतं. हसायचं नि सोडून द्यायचं." डोकंच फिरलं.

सातवीत मी गणिताच्या सरांचं अर्कचित्र काढलं होतं. लांबलचक मान, एका पायावर उभे, चोचीत खडू. वही बाकांखालून फिरली. शाळा सुटेपर्यंत सरांचा बगळा झाला होता.

चित्राने काही होत नाही म्हणे! मग १८३१ मध्ये फ्रान्समध्ये व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढणाऱ्या फिलिपाँवर खटला कशाला भरला? त्या गड्याने भर कोर्टात राजा लुई-फिलिपच्या चेहऱ्याची चार चित्रांत नासपती करून दाखवली. शिक्षा झालीच, पण पॅरिसच्या भिंतींवर नासपत्या उगवल्या. पुढच्या वर्षी त्याचा चित्रकार दोमिए तुरुंगात, तेही एका चित्रापायी. १८३५ मध्ये तर कायदाच केला, चित्र छापण्याआधी सरकारला दाखवा. हसून सोडून द्यायच्या गोष्टीला एवढं कोण घाबरतं?

इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज जास्त व्यवहारी. १८२० मध्ये व्यंगचित्रकार क्रुकशँकच्या हातावर १०० पौंड ठेवले, की बाबा रे, मला नको त्या अवस्थेत रंगवू नकोस.

बरं, तिथल्याच गिलरे या व्यंगचित्रकारानेही सरकारी पेन्शन खाल्लं. मान्य. चित्रकार काही संत नसतात.

पण त्याच गिलरेने नेपोलियन टिचभर करून ठेवला. १८०५ च्या चित्रात ब्रिटिश पंतप्रधान पिटसमोर टेबलाशी पृथ्वीचं पुडिंग कापणारा, टोपीखाली हरवलेला. प्रत्यक्षात गडी साडेपाच फुटांच्या वर, त्या काळी चारचौघांसारखाच. कायदे केले, लढाया जिंकल्या, आणि लोकांच्या लक्षात काय? बुटका.

इथपर्यंत तावातावाने लिहिलं आणि फोटो पुन्हा उघडला. मोठा करून पाहिला. सरांची मान साधीच आहे हो. माझ्या-तुमच्यासारखी. शर्टाचं वरचं बटण लावलंय, थोडेसे हसताहेत.

राजाकडे कोर्ट होतं, तुरुंग होता. सरांकडे डस्टर होता, तोही त्यांनी कधी कुणाला फेकून मारला नाही.

ग्रुपवर सगळ्यांनी त्यांना पटकन ओळखलं : "बगळा!" मी विचारलं, सरांचं नाव काय होतं रे? तास झाला, अजून कुणाला आठवलेलं नाही. मलाही नाही.