डेंटल स्कूलसाठी पदवीला बायोलॉजीच हवे का? एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील मराठी पालकांमध्ये एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. मुलाला दंतवैद्य करायचे असेल तर पदवीला बायोलॉजी हाच मेजर, म्हणजे मुख्य विषय, घ्यावा, दुसरा मेजर असलेल्यांचे अर्ज कोणी गांभीर्याने पाहत नाही, प्रवेशपरीक्षेत ती मुले मागे पडतात, आणि प्रवेश मिळालेल्यांत बहुसंख्य बायोलॉजीवालेच असतात हाच त्याचा पुरावा, असा त्याचा आशय. यातले शेवटचे विधान तेवढे खरे आहे, आणि पुरावा म्हणून तेही लंगडे आहे.

हा समज आपल्यात का रुजला हे उघड आहे. भारतात बीडीएसची वाट बारावीलाच ठरते आणि ‘नीट’च्या विषयांत जीवशास्त्राला पर्याय नाही. अमेरिकेत मात्र दंतवैद्यकाचे शिक्षण महाविद्यालयीन शिक्षणानंतर सुरू होते आणि सहसा ४ वर्षे चालते. तिथली डेंटल स्कूल अमुक विषयातली पदवी मागत नाहीत, अमुक कोर्स पूर्ण झालेले मागतात. सल्ल्यात या दोहोंची गल्लत झाली आहे.

हिशेब मांडून पाहू. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स यांचे प्रयोगशाळेसह साधारण ८-८ क्रेडिट (अभ्यासक्रम मोजण्याचे एकक), म्हणजे ३२. त्यात बायोकेमिस्ट्री आणि, काही ठिकाणी, मायक्रोबायोलॉजी किंवा ॲनाटमी धरली तरी आकडा ४५च्या आसपास राहतो. पदवीला सहसा १२० क्रेडिट लागतात. उरलेल्या ७५मध्ये इतिहास, अर्थशास्त्र किंवा संगीत हा मेजर सहज बसतो.

‘अर्ज पाहत नाहीत’ या विधानाला तर आधारच नाही. बहुतेक डेंटल स्कूल ज्या केंद्रीय पद्धतीने अर्ज घेतात, तिच्यात एकूण जीपीएबरोबर (श्रेणींच्या सरासरीबरोबर) विज्ञान विषयांचा जीपीए वेगळा काढला जातो. त्यामुळे इतिहासातल्या ‘ए’ने ऑरगॅनिकमधला ‘सी’ झाकला जात नाही, आणि नावडत्या बायोलॉजीत ओढूनताणून मिळवलेले ‘बी’ही लपत नाहीत.

आता परीक्षा. डीएटी या डेंटल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत विज्ञानाचे १०० प्रश्न असतात: ४० बायोलॉजीचे, ३० जनरल केमिस्ट्रीचे आणि ३० ऑरगॅनिकचे. म्हणजे याच भागात रसायनाचे प्रश्न जीवशास्त्राहून जास्त. शिवाय वाचन आणि गणित आहे, आणि आकार आणि आकृत्या ओळखण्याची ९० प्रश्नांची आकलनचाचणी आहे. तिच्यातल्या एका प्रकारात घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलेले दाखवतात आणि घडी उलगडल्यावर भोके कुठे दिसतील ते विचारतात. दिवाळीत आकाशकंदिलासाठी घड्या घालून कागद कातरलेल्या मुलाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पेशीविभाजनाचे टप्पे पाठ असून मात्र तिथे काही भागत नाही.

राहिला बहुसंख्येचा मुद्दा. आषाढीला पंढरपूरच्या एसटीत गळ्यात माळ घातलेलेच जास्त दिसतात. म्हणून माळेशिवाय तिकीट मिळत नाही असे कोणी म्हणत नाही. प्रवेश मिळालेल्यांत बायोलॉजीवाले जास्त, कारण मुळात अर्ज करणाऱ्यांतच ते जास्त असतात. तुलना करायचीच तर प्रत्येक विषयाच्या अर्जदारांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला याची करावी लागेल, आणि ती या सल्ल्यात कुठेच नाही.

बायोलॉजी घेण्याची सोय मी नाकारत नाही. बरेचसे आवश्यक कोर्स त्या पदवीतच उरकतात, आणि वरच्या वर्गांतल्या जागा अनेक विद्यापीठांत आधी त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना मिळतात. विषय मनापासून आवडत असेल तर तो जरूर घ्यावा. उलट, वेगळे दिसावे एवढ्यासाठी अवघड इंजिनिअरिंग घेऊन जीपीए घसरवणेही शहाणपणाचे नाही. पदवीला जोडूनच दंतवैद्यकाची जागा देणारे काही ७ वर्षांचे एकत्रित अभ्यासक्रम आहेत. त्यांचे नियम निराळे असतात आणि तिथे विषयाची मोकळीक कमी असू शकते.

घाई करायचीच असेल तर ती मेजरची नव्हे, रसायनाची करावी. अनेक विद्यापीठांत मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करता येतो, पण जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक घेता येत नाही आणि ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री. पदवीनंतर लगेच प्रवेश हवा असेल तर अर्ज तिसरे वर्ष संपताच, जूनच्या सुमारास करायचा असतो, आणि डीएटी त्याच सुमारास द्यावी लागते. पहिल्याच सत्रात जनरल केमिस्ट्री घेतली तर ही साखळी वेळेत पुरी होते. शाळेत मिळवलेले एपीचे (महाविद्यालयीन पातळीच्या शालेय कोर्सचे) क्रेडिट यासाठी काही डेंटल स्कूल मानत नाहीत, म्हणून ते आहे या भरवशावर पहिल्या वर्षीची केमिस्ट्री सोडण्याआधी प्रत्येक स्कूलचा नियम तपासून घ्यावा.