संगणक आले, शिकवणाऱ्याचा पगार कोण देणार?

मदरशात संगणक आले की फोटो येतो. फीत, हार, पाहुणे, मागे चकचकीत मॉनिटर. वर्षभराने त्याच खोलीत जाऊन बघा, मॉनिटरवर चादर आणि कोपऱ्यात तांदळाची पोती. मुंबईत हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. नावं घेत नाही, कारण कुणाची बदमाशी नव्हती. संगणक देणारे भेटले, दर महिन्याला मास्तरचा पगार देणारा भेटला नाही, एवढंच.

इस्लामी शिक्षणातल्या बदलावर आपल्याकडे ठरलेल्या दोन पार्ट्या भांडतात. एकीच्या मते मौलाना काही बदलू देत नाहीत. दुसरीच्या मते बदलाच्या नावाखाली दीन, म्हणजे धर्मच, काढून घ्यायचा डाव आहे. मी जोगेश्वरीच्या एका मकतबचा, म्हणजे मोहल्ल्यातल्या तासभराच्या दीनी वर्गाचा, हिशेब बरीच वर्षं बघतेय. दोन्हीकडच्या मंडळींनी कधी वेळापत्रक आणि पगाराची वही उघडली असेल असं त्यांच्या बोलण्यावरून तरी वाटत नाही.

मकतब आणि मदरसा यांची गल्लत तर सगळेच करतात. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानुसार शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशात जाणारी साधारण ३ टक्के. ज्यांना दीनी शिक्षण मिळतं त्यातली बहुतेक मुलं शाळेत जातात आणि शाळेआधी किंवा असरनंतर, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर, तासभर मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये बसतात. आधी नूरानी कायदा म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, मग कुरआन, जोडीला दुआ आणि नमाजचे मसले म्हणजे नियम. टीव्हीवर चर्चा त्या ३ टक्क्यांची, आणि मकतबच्या तासाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

परंपरेत नवं काही चालत नाही, हेही मला पटत नाही. दर्से निजामी हा मदरशांचा जुना अभ्यासक्रम १८व्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमध्ये मुल्ला निजामुद्दीन यांनी घडवला, त्यात तर्कशास्त्र आणि गणित होतं. शिकलेल्या मुलाला दरबारात काम मिळेल असा तो अभ्यासक्रम होता. १८६६ला देवबंदचा मदरसा सुरू झाला, तिथे शिकवणं जुनंच, पण वर्ग, वार्षिक परीक्षा, छापील अहवाल, लोकांची वर्गणी ही सगळी व्यवस्था त्या काळच्या इंग्रजी शाळा-कॉलेजांसारखी. आपल्या मुंबईत १८७४ला बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था काढली, ती वाट वेगळी. पण दोन्ही संस्था आज उभ्या आहेत. संस्थापक गेल्यावरही चालेल अशी घडी बसवलेली होती, म्हणून.

हिफ्जचा, म्हणजे कुरआन तोंडपाठ करायचा, वर्ग बघितलाय कधी? मुलगा रोज नवा सबक, म्हणजे नवा पाठ, म्हणून दाखवतो, मग अलीकडचा पाठ म्हणजे सबकपारा, मग जुन्याची उजळणी म्हणजे आमोख्ता. तिन्हींची नोंद उस्ताद डायरीत करतात. कोण कुठे अडखळतोय हे त्यांना बोटांवर माहीत असतं. प्रत्येक मूल आपापल्या वेगाने पुढे जातं, कुणी कुणासाठी थांबत नाही. हल्ली महागड्या क्लासच्या जाहिरातीत हेच विकतात! आणि आमचे सुधारक येतात, स्मार्ट बोर्ड लावतात आणि ही डायरी बंद करून अ‍ॅपमध्ये भरायला सांगतात. उस्तादांना डायरी लिहायला क्षणभर लागत होता, अ‍ॅपला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दोन मुलांचा सबक राहतो. नवं आणणाऱ्याने आधी महिनाभर मागच्या रांगेत गप्प बसावं, असं माझं म्हणणं.

विषय वाढवतानाही तेच. इंग्रजी घाला, गणित घाला, संगणक घाला. काढायचं काय, ते कुणी सांगत नाही. आमचे मौलाना साहेब बिहारचे, एकदा मला म्हणाले, "बाजी, घंटा तो एक ही है, बच्चा भी वही है." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुंबईत तर जागाही एकच. बऱ्याच ठिकाणी मशिदीचा वरचा मजला, तोही मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या, आत रिकामा करायचा. नंदुरबारकडच्या अक्कलकुव्याच्या जामियासारखं, त्या मोठ्या मदरशासारखं, हिफ्जपासून इंजिनीअरिंगपर्यंत सगळं उभारायला जमीन लागते हो.

सरकारचंही सांगते. जुलै २०१५ मध्ये राज्याने जाहीर केलं की गणित, विज्ञान, इंग्रजी न शिकवणारे मदरसे शाळा धरले जाणार नाहीत. केवढा गदारोळ झाला! मग ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड.वाल्यांचं ८ हजारांवरून १८ हजार करायचा निर्णय झाला. त्यावर तेवढी चर्चा माझ्या तरी कानावर आली नाही. मला विचाराल तर दोन्हींत मोठी बातमी ही मानधनाची होती. ८ हजारांत मुंबईत कोण बी.एड. होऊन शिकवायला येतो? तोवर योजना कागदावर होती, असंच मी म्हणेन. अर्थात दीन शिकवणाऱ्या उस्तादांना या योजनेतून काही नाही, त्यांचा पगार रमजानच्या चंद्यावरच.

केरळचा दाखला मी सगळ्यांना देते, आणि सगळे म्हणतात "तिकडचं वेगळं आहे". समस्ता ही तिथल्या उलेमांची संघटना, तिचं शिक्षण मंडळ १९५१चं. आज दहा हजारांहून जास्त मदरसे (तिकडे मकतबलाच मदरसा म्हणतात), सगळीकडे एकच अभ्यासक्रम, पाचवी, सातवी, दहावीला मंडळाची परीक्षा, तपासणीला फिरणारे मुफत्तिश, शिक्षकांचं प्रशिक्षण. मूल शाळेतही जातं आणि मदरशातही. पुस्तक बदलायचं तर एका ठिकाणी ठरतं आणि गावोगाव पोचतं. आमच्याकडे उस्ताद बदलले की पुस्तक बदलतं, आणि मूल पुन्हा कायद्याच्या पहिल्या पानावर.

आमच्या कमिटीपुढे मी तीन मागण्या ठेवल्यात. उस्तादांचा पगार बाराही महिने ठरल्या तारखेला. मूल सोडून गेलं तर त्याची डायरी सोबत द्यायची, म्हणजे मुंब्र्याला गेलं तरी तिथल्या उस्तादांना कळेल कुठवर आलंय. आणि शिकवणाऱ्या आपांना कमिटीत जागा, कारण मुली या आपांच्या घरी शिकतात आणि त्यांचं कुणी विचारत नाही. पहिल्या दोन मंजूर झाल्या. तिसरीवर "सोचेंगे" आलंय.

मालवणी, कुर्ला, गोवंडी, मुंब्रा इथे मकतबच्या कमिटीत कुणी असाल तर सांगा, तुमच्याकडे उस्तादांचा पगार चंदा आटल्यावर, शव्वाल म्हणजे रमजानच्या पुढचा महिना संपल्यावर, कुठून येतो? आणि आपा मीटिंगला बसतात का?