ओट्याची कावीळ

जावई काय करतात, या प्रश्नाला आई ‘डॉक्टर आहेत’ एवढंच सांगून थांबायची. समोरची बाई चिवट निघाली, तर ‘मिलिटरीत डॉक्टर आहेत’. त्यावर ‘अगंबाई! कुठे, खडकीला की लखनौला?’ असं आलं, की आईला घाम फुटायचा. कारण जावई होते जर्मनीत आणि मिलिटरी होती अमेरिकेची. सदाशिव पेठेच्या जिन्यात भाजीची पिशवी हातात धरून एवढा भूगोल समजावणं सोपं नव्हतं.

अमेरिकेने 1973 मध्ये सक्तीची लष्करभरती बंद केली आणि त्यांच्या फौजेला डॉक्टर कमी पडायला लागले. आमचे हे न्यू जर्सीत बालरोगतज्ज्ञ होत होते. युरोप बघायला मिळेल, एवढ्या एका आशेवर त्यांनी सही ठोकली. लग्न झालं आणि 1981 च्या ऑक्टोबरात आम्ही जर्मनीतल्या एका गावी दाखल झालो. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या एका ओट्याचा हिशेब माझ्या मते अजून मिटलेला नाही.

फौजी वसाहत म्हणजे काटकोनात उभ्या केलेल्या तीनमजली इमारती. एका इमारतीला तीन जिने, एका जिन्यावर सहा बिऱ्हाडं. या सहा बिऱ्हाडांच्या संसाराला ‘स्टेअरवेल’ म्हणायचं. मी पाहिल्याबरोबर ओळखलं, ही चाळ आहे. फक्त गॅलरी काढून घेतली होती. जिना झाडण्या-पुसण्याच्या पाळ्या होत्या, तळघरातल्या धुण्याच्या मशिनचे वार ठरलेले होते आणि कोणाकडे काय शिजतंय ते तळघरापासून माळ्यापर्यंत सगळ्यांना कळत होतं. माझ्या पहिल्या फोडणीला वरच्या मजल्यावरची टेक्सासची बाई अनवाणी धावत खाली आली. तिच्या हातात आग विझवायचं नळकांडं होतं. मी तिला आमटी प्यायला दिली. तीन वर्षांत तिने माझ्याकडून हिंग सोडून बाकी सगळं उसनं नेलं.

वसाहतीची भाषा निराळी. वसाहतीबाहेर जर्मन घरमालकाकडे भाड्याने राहणाऱ्यांना ‘इकॉनॉमीवर राहतात’ म्हणायचे. मला आधी वाटलं, बिचारे ओढगस्तीला आले असावेत. आम्हाला रेशनकार्डही होतं. रॉकेल आणि साखरेच्या रांगेत वाढलेल्या मुलीला जगातल्या सगळ्यात श्रीमंत फौजेचं रेशनकार्ड मिळालं, ते कॉफी, सिगारेट आणि दारूसाठी! आम्ही दोघंही चहावाले. ते कार्ड मी आईला दाखवायला जपून ठेवलं होतं, मग दारूचा रकाना आठवला आणि दाखवायचं राहून गेलं.

रशियन आलेच, तर बायकामुलांना पळवून न्यायची योजना तयार होती. त्यासाठी प्रत्येक घरात घोंगड्या, कागदपत्रं आणि काही दिवसांचं खाणं बांधून ठेवायचं आणि गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, असा नियम होता. माझ्या गाठोड्यात दोन किलो चिवडा आणि मेतकूट होतं. चिवडा महिन्याभरात संपला, आणि तो रशियनांनी खाल्ला नाही.

पण माझा खरा रुबाब होता तो विजेच्या बाबतीत. भिंतीत जर्मनीची 220 व्होल्टची वीज आणि बायकांच्या हातात अमेरिकेतून आणलेली 110 व्होल्टची यंत्रं. त्यामुळे घरोघरी ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर म्हणजे पाट्याएवढं, पण वरवंट्यासकट उचलावं लागेल इतक्या वजनाचं लोखंडी खोकं. टोस्टरला एक, शिवणयंत्राला एक. बरं, व्होल्ट बदलले तरी वीज सेकंदाला 50 हेलकाव्यांचीच राहायची. अमेरिकेत 60 असतात. त्यामुळे अमेरिकेहून आणलेली विजेची घड्याळं तासाला दहा मिनिटं मागे पडायची. टेक्सासवालीने तसलं घड्याळ दोन दिवस चालवलं आणि चर्चला संध्याकाळी पोचली. या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून माझा पुण्याहून आलेला सुमीत मिक्सर, नुसता प्लग बदलून, थेट भिंतीत चालायचा. शेजारणी चटणी बघायला यायच्या, चाखायला नव्हे.

तरी आमच्या ओट्यावरही एक ट्रान्सफॉर्मर होताच, यांच्या टोस्टरसाठी. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून तो फ्रिजशेजारी ठेवला आणि तीन वर्षांत कोणी हलवला नाही. हलवायचं कारणच नव्हतं. त्याच्या डोक्यावर मी मसाल्याचा डबा ठेवायची. हे सगळं लक्षात ठेवा.

आता ओमा. ओमा म्हणजे जर्मन भाषेत आजी. ही आमच्या जिन्यातल्या बिऱ्हाडांची साफसफाई करायची आणि तिचा अधिकार कुठल्याही कर्नलपेक्षा मोठा होता. 1946 च्या एप्रिलात अमेरिकन फौजेची पहिली बायकामुलं ब्रेमरहाफेन बंदरात उतरली, तेव्हा ही पोरसवदा होती. त्या दिवसांत जर्मनीत नोटांना कोणी विचारत नसे, सिगारेट हेच चलन होतं. तिच्या बापाने आख्खं भिंतीवरचं घड्याळ विकलं होतं, ते सिगारेटींवर, आणि त्यातली एकही ओढली नाही. पुढे पन्नासच्या दशकात या इमारती बांधल्या गेल्या, तेव्हा ती इथेच कामाला लागली. माळ्यावर मोलकरणींसाठी खोल्या होत्या, त्यातल्या एकीत ती राहायची. ‘माझ्यासमोर या जिन्यातून चौदा मेजर गेले,’ असं ती सांगायची, आणि ‘गेले’ या शब्दावर क्रूसाची खूण करायची. ते फक्त बदलून गेले होते. पण जाताना त्यांचं काय झालं, ते तिने पाहिलं होतं.

जाताना जे होतं त्याला ‘क्लिअरिंग क्वार्टर्स’ म्हणतात. आपल्या फौजेतल्या बायका ‘मार्चिंग आउट’ म्हणतात, आणि म्हणतानाच त्यांचा चेहरा उतरतो. सरकारी घर ताब्यात घेतलं तेव्हा जसं होतं तसं परत करायचं. तसं म्हणजे अगदी तसं. तपासायला यायचा एक मुलकी जर्मन गृहस्थ, हातात यादी आणि एका हातात पांढरा मोजा. ज्यांच्या एका शब्दावर रणगाडे हलतात, ते लोक या माणसापुढे भट्टीच्या, म्हणजे ओव्हनच्या, मागची भिंत हाताने पुसताना मी पाहिले आहेत. दाराच्या वरची कड, खिडकीच्या गुंडाळत्या झडपेची पेटी, दिव्याच्या काचेतल्या मेलेल्या माश्या, सगळीकडे तो मोजा फिरायचा. काही राहिलं, तर पुन्हा तारीख. पुन्हा तारीख म्हणजे विमान चुकलं.

आमची तारीख होती 1984 च्या नोव्हेंबरातली, सकाळी नऊची. आदल्या दिवशीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. सामानाचे खोके रवाना झाले होते. त्यात लोकांच्या आग्रहाखातर घेतलेलं एक कुकू घड्याळही होतं. आम्ही आलो तेव्हा डॉलरला सव्वादोन जर्मन मार्क मिळायचे, निघताना तीन. ‘आता नाही घेतलं तर मूर्ख ठराल,’ असं सगळे म्हणाले. घेऊनही काही फरक पडला नाही. भिंतीतली खिळ्यांची भोकं यांनी टूथपेस्टने बुजवली. हा उपाय फौजेत पिढीजात आहे. ओमाने भट्टी अशी घासली होती, की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा.

संध्याकाळी पाच वाजता गोदामाची माणसं उरलेलं सरकारी सामान न्यायला आली आणि दोघांनी मिळून ट्रान्सफॉर्मर उचलला.

खाली एक पिवळाधमक आयत होता.

तीन वर्षं मसाल्याच्या डब्यातून हळद झिरपत होती, ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरून ओघळत होती आणि खाली तेलात मुरत होती. ऊन नाही, वारा नाही. जुनं लोणचं मुरावं तशी मुरली होती. हे वाकले, त्यांनी डागावर बोट दाबून पाहिलं, बाळांचं कपाळ दाबून बघतात तसं, आणि म्हणाले, “कावीळ आहे.”

मी म्हटलं, “अहो, थट्टा सुचते तुम्हाला!”

टेक्सासवाली वरून भट्टी साफ करायच्या फवाऱ्याचा डबा घेऊन आली. म्हणाली, याने काँक्रीटसुद्धा निघतं. मी अडवायच्या आत तिने तो आयतावर मारला. पुढे काय झालं ते कुठल्याही मराठी वाचकाला सांगायला नको. हळदीला चुना लावला की काय होतं? कुंकू होतं. तो फवारा चुन्याचा थोरला भाऊ होता. बघता बघता आयत लालभडक झाला आणि त्याचे ओघळ खालच्या कपाटावर उतरले. डॉक्टरच्या घरात, रिकाम्या स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली. टेक्सासवालीने डबा खाली ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. मीही घेतलं. ओटा सवाष्ण झाला होता.

ओमाने बादलीतून व्हिनेगरची बाटली काढली. तिचा सगळ्या रोगांवर हाच उपाय. व्हिनेगर पडताच लाल गेलं आणि पिवळं परत आलं. “बघ,” हे म्हणाले, “कावीळ उलटली.”

आजीच्या पांढऱ्या पातळावर हळद सांडली, की ती धुवायच्या भानगडीत पडत नसे. सरळ उन्हात टाकायची. संध्याकाळपर्यंत डाग उडालेला असायचा. हे मला आठवलं, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. नोव्हेंबरातली जर्मनी. शेवटचं ऊन गणपतीत पडलं होतं. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ओमाला म्हटलं, “ऊन पाहिजे. उद्या नऊच्या आत.”

ओमा काही न बोलता कोट चढवून निघून गेली. मला वाटलं, हिनेही हात टेकले. तासाभराने ती परत आली, ती काखोटीला एक पेटी मारून. पेटीत दिवा होता. त्याला ते होएनझोने म्हणतात, म्हणजे डोंगरावरचं ऊन. युद्धानंतर मुडदूस झालेल्या फिकट पोरांना काळे चष्मे घालून असल्या दिव्यांभोवती उघडं बसवायचे. हा तिच्या थोरल्या मुलाचा होता. एका बैठकीला पाच मिनिटं, असं वर लिहिलं होतं. घड्याळाची किल्ली दहा मिनिटांच्या पुढे फिरतच नव्हती, दिवा आपोआप विझायचा.

त्या रात्री दर दहा मिनिटांनी किल्ली द्यायची पाळी आम्ही वाटून घेतली. काळे चष्मे दोन होते. एक ओमाने लावला आणि ती सुटकेसवर बसून विणकाम करत राहिली. दुसरा आम्ही दोघं आळीपाळीने वापरत होतो. स्वयंपाकघरात निळसर उजेड आणि वीज पडून गेल्यावर येतो तसला वास. ‘हॉस्पिटलात बाळांना मी असंच निळ्या दिव्याखाली ठेवतो,’ असं हे रात्री दोनपर्यंत सांगत होते. नंतर त्यांनी दर तपासणीला ‘सुधारणा आहे’ एवढंच म्हणायला सुरुवात केली. पहाटे पाचला डाग उडाला. गेला तो गेलाच. मला रडू आलं. ओमाने ओळ पुरी करून मग मान वर केली. तिचं नाक टोमॅटोसारखं झालं होतं.

नऊला बरोबर नऊ वाजता गृहस्थ आले. जर्मन लोक ऊन खायला मायोर्का नावाच्या स्पेनच्या बेटावर जातात. ओमाकडे बघून त्यांनी अदबीने विचारलं, “मायोर्काला जाऊन आलात?” ती नुसतं “या”, म्हणजे ‘हो’, म्हणाली.

मोजा फिरला. भट्टी झाली, झडपा झाल्या, दारांच्या कडा झाल्या. दिवाणखान्यात ते भिंतीजवळ थांबले, नाक पुढे केलं आणि म्हणाले, “पुदिना?” आम्ही तिघांनी तीन दिशांना पाहिलं. त्यांनी काहीच लिहिलं नाही. त्यांच्या घरीही खिळे असणार.

मग स्वयंपाकघर. ते ओट्यापाशी उभे राहिले. मागे सरकले. वाकून आडवी नजर टाकली. नोव्हेंबरातला का होईना, आता दिवसाचा उजेड होता, आणि त्या उजेडात आम्हालाही दिसलं. फ्रिजशेजारी एक पांढराशुभ्र गोल होता. नव्या कोऱ्या ताटलीसारखा. आणि त्याच्याभोवती उरलेला सगळा ओटा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जो मी तीन वर्षं मूळचाच सायीच्या रंगाचा समजत होते, तो सायीच्या रंगाचा नव्हता.

गृहस्थांनी बोटाने त्या गोलाभोवती रेघ काढली. “इथे काहीतरी झालंय,” ते म्हणाले. “रंग उडालाय.”

आणि त्यांनी यादीत लिहिलं, स्वयंपाकघर, ओटा, पांढरा डाग, एक. भरपाई साडेअकरा डॉलर.

मी तोंड उघडलं. ओमाने माझा पाय दाबला. यांनी केव्हाच पेन काढलं होतं. आयुष्यात एवढ्या चपळाईने सही करताना मी त्यांना पाहिलं नाही, लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा नाही.

“चल, कोट घाल,” हे खालच्या आवाजात मराठीत म्हणाले. “बाकीचा ओटा त्याच्या लक्षात यायच्या आत.”