सोडा, मोल आणि एक लिंबू

अकरावीतल्या मुलीला रसायनशास्त्राचे एक गणित समजावून देण्याचा माझा उत्साह नेमक्या कोणत्या तापमानाला विघटन पावला, हे मला अजून सांगता येत नाही. प्रश्न साधा होता: ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा पूर्ण विघटन होईपर्यंत तापवला, तर एसटीपीला, म्हणजे शून्य अंश सेल्सिअस आणि प्रमाण दाबाला, किती लिटर कार्बन डायऑक्साइड मिळेल?

मोल म्हणजे पदार्थाच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम; सोड्याचे रेणुवस्तुमान ८४, म्हणजे हा ०.१ मोल झाला. वायूच्या एका मोलचे २२.४ लिटर, तेव्हा उत्तर २.२४ लिटर. हे सगळे मी चहाचा कप हातातून खाली न ठेवता सांगितले.

"बाबा, समीकरण संतुलित केलंत का?" बँकेतला कारकून 'सही जुळत नाही' असे ज्या शांतपणे सांगतो, त्याच शांतपणे तिने विचारले. सोड्याचे दोन रेणू फुटतात तेव्हा वायूचा एकच रेणू बाहेर पडतो. दुसरा कार्बन सोडियम कार्बोनेटाच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या घरी घरजावई होऊन राहतो. उत्तर निम्म्यावर, १.१२ लिटरवर आले, आणि मी कप खाली ठेवला.

"पण आमच्या पुस्तकात २२.७ आहे."

२२.४ हा आकडा मी स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ केलेला आहे. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ सालीच प्रमाण दाब एका वातावरणावरून किंचित कमी, म्हणजे एक बार केला होता आणि दाब उतरला की वायू फुगणारच. परंतु ही बातमी माझ्या शाळेच्या फळ्यापर्यंत कधी पोचली नाही. उत्तर आता १.१३५ लिटर झाले. पाण्याची वाफ मोजायची का, या पुढच्या प्रश्नाला मात्र 'शून्य अंशाला कसली वाफ?' असे ठणकावून मी थोडी अब्रू सावरली.

इतक्यात ढोकळ्याचे पीठ फेटणारी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, नुसता तापवून सोडा कशाला वाया घालवता? लिंबू पिळा की!"

मुलीची पेन्सिल थांबली. पुरेसे आम्ल मिळाले, तर सोड्याच्या प्रत्येक रेणूमागे वायूचा एकेक रेणू सुटतो आणि कार्बोनेटात कोणीही मागे राहत नाही. म्हणजे वायू थेट दुप्पट!

"पाहिलेस? माझे पहिले उत्तर बरोबरच होते," मी कप पुन्हा उचलला, "फक्त लिंबू राहिले होते. २.२४!"

"२.२७," मुलगी म्हणाली.