मिरजेचा वॉर्ड आणि परक्यांचे पेपर : एका प्रतिक्रियेला उत्तर

मॅडम, नमस्कार.

वॉर्डात नर्सेसना सहकाऱ्यांकडून होणारा छळ (बुलिंग) आणि विद्यार्थिकेंद्री शिकवणं, या विषयांवर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करण्याला, म्हणजे झालेले सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, चाळून एकत्र मांडण्याला, तुमचे आक्षेप दोन. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांची गोधडी. मिरजेच्या वॉर्डात इन्चार्ज सिस्टर जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलीवर कशी खेकसते, ते त्यात कुठून येणार? आणि विद्यार्थिकेंद्री शिकवणं चांगलं, हे सगळेच पेपर सांगत असताना ते पुन्हा गोळा कशाला करायचे?

पहिला आक्षेप अर्धा मान्य. मिरज-सांगलीत किती मुलींना असा त्रास होतो, हे कुठलाच रिव्ह्यू सांगणार नाही. त्याला सर्व्हेच हवा. पण सर्व्हेत विचारायचं काय? बुलिंग मोजणाऱ्या निगेटिव्ह अ‍ॅक्ट्स क्वेश्चनेअर या प्रश्नावलीच्या सुधारित आवृत्तीत 22 वागणुकी दिल्या आहेत. कामाला लागणारी माहिती दडवणं, चारचौघांत पाणउतारा करणं, अंगावर ओरडणं, झेपणार नाही इतकं काम लादणं वगैरे. गेल्या सहा महिन्यांत हे किती वेळा घडलं, एवढंच विचारायचं. ‘बुलिंग’ हा शब्द त्या 22 वाक्यांत नाही. दुसरी पद्धत म्हणजे व्याख्या वाचायला देऊन ‘तुमच्यावर बुलिंग झालं का?’ असं थेट विचारणं. त्याच नर्सेसना दोन्ही पद्धतींनी विचारलं तर पहिलीत आकडा बहुधा जास्त येतो. दोन्हींची सरासरी काढली की निघतो तो आकडा कुणाचाच नसतो. रिव्ह्यूत हे गट वेगळे ठेवावे लागतात. नातेवाइकांनी केलेली मारहाण तर पूर्णच बाजूला. वर्तमानपत्रात बातमी तिचीच येते, पण ती सहकाऱ्यांची वागणूक नव्हे.

शोध घेताना फसगत होते ती शब्दांत. नुसतं ‘बुलिंग’ टाकलं तर ‘इनसिव्हिलिटी’, ‘हॉरिझॉन्टल व्हायोलन्स’, ‘लॅटरल व्हायोलन्स’ या नावांखालचं बरंच काही निसटतं. हे शब्द आपसात ‘ऑर’ने जोडायचे आणि नर्सिंगच्या शब्दांच्या गटाशी ‘अँड’ने. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत शब्दाची सगळी रूपं मिळावीत म्हणून शेवटी तारका लावली की त्या शब्दापुरती मेश संज्ञांची (पेपरांना लावलेल्या ठरावीक विषयशब्दांची) आपोआप होणारी जोडणी बंद पडते, म्हणून मेश संज्ञा वेगळ्या घालाव्या लागतात. शिक्षणावरचे पेपर एरिक या शिक्षणविषयक सूचीत शोधा. आपल्याकडचे पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर सापडतात. परक्यांच्याच पेपरांची तक्रार असेल तर ही पायरी टाळून चालणार नाही.

चाळणी, म्हणजे सापडलेल्यांतले कोणते पेपर घ्यायचे ते ठरवणं, दोघांनी, एकमेकांचं न बघता करायची. इथे ‘आमचं 90 टक्के जुळलं’ यावर खूश होऊ नका. समजा 100 शीर्षकं आहेत. 85 दोघांनी नाकारली, 5 दोघांनी घेतली, उरलेल्या 10 मध्ये प्रत्येकाने वेगवेगळी 5 घेतली. म्हणजे प्रत्येकाने 10 घेतली, 90 नाकारली. निव्वळ योगायोगानेसुद्धा 82 टक्के जुळलं असतं, त्यामुळे कापा (योगायोग वजा करून उरलेलं एकमत; पूर्ण जुळलं तर 1) येतो 0.44. घ्यायच्या पेपरांबाबत एकमत नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेक वेळा दोष निकषाच्या वाक्यात असतो: ‘नर्स’मध्ये विद्यार्थिनी धरायच्या की नाही, हेच लिहिलेलं नसतं. पहिल्या 50 शीर्षकांवर सराव केला की हे लवकर उघडं पडतं.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल थोडक्यात. ‘सगळे पेपर चांगलं म्हणतात’ हेच तर तपासायचं असतं. चांगलं म्हणजे मुलांना आवडलं, परीक्षेत गुण वाढले, वॉर्डातलं वागणं बदललं, की पेशंटला फायदा झाला? शिकवण्याचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या या चार पायऱ्यांपैकी बहुतेक पेपर पहिल्या दोनवरच थांबतात. शिवाय दीडशे जणांच्या लेक्चरमध्ये मधेच दोन प्रश्न विचारले तरी त्याला विद्यार्थिकेंद्री म्हणणारे आहेत. म्हणून माहितीच्या तक्त्यात लेबल उतरवू नका, प्रत्यक्षात काय केलं ते लिहा: किती तास, गट केवढा, तुलना कशाशी. एका बॅचला नवी पद्धत आणि दुसरीला जुनी, असा अभ्यास असेल तर मुलं कितीही असोत, तुलना दोनच बॅचेसची. शिक्षक बदलल्यामुळे फरक पडला की पद्धतीमुळे, ते त्यातून सुटत नाही.

एमएस्सीच्या मुलीला विषय द्यायचाच असेल तर दोन्ही एकत्र देऊ नका. वॉर्डातली वागणूक आधी घ्या. प्रोटोकॉल (रिव्ह्यूचा लेखी आराखडा) प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत शोध सुरू होण्याआधीच नोंदवा आणि दुसरी चाळणारी व्यक्ती तेव्हाच ठरवून ठेवा. गाईडने नुसती सही करणं म्हणजे दुसरी चाळणी नव्हे.